हेरिंग, पाव आणि बिअर: पीटर क्लासचं १६३६ सालचं साधं जेवण

रानजाई

नमस्कार मंडळी.

गेला महिनाभर एक चित्र माझ्या लॅपटॉपवर उघडंच आहे. कामातून डोळे वर केले की तेच समोर. आज शेवटी त्याच्याबद्दल लिहायला बसले.

चित्रकार पीटर क्लास, साल १६३६, मुक्काम हार्लेम, नेदरलँड्स. चित्र रॉटरडॅमच्या बॉयमान्स फान ब्युनिंगन संग्रहालयाच्या मालकीचं. ते संग्रहालय २०१९ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, म्हणून मूळ चित्रासमोर उभं राहण्याचा योग अजून आलेला नाही. पण मोठ्या आकाराचा फोटो मिळाला आणि तो वाढवत वाढवत मी त्याचा कोपरान् कोपरा पाहिला.

जेमतेम दीड फूट रुंदीचं चित्र. कथलाच्या ताटलीत हेरिंग मासा, बिअरचा ग्लास आणि एक पाव. बस. फुलं नाहीत, चांदीची सुरई नाही, खिडकीबाहेरचा देखावा नाही. मागची भिंत म्हणजे करडा-तपकिरी उजेड, आणि पुढच्या वस्तूही जवळपास त्याच रंगातल्या. माशाचा रुपेरी, पावाचा खरपूस, बिअरचा पिवळसर, सगळे जणू एकाच मातीतून काढलेले.

आपल्यापैकी ज्यांनी शाळेत असताना इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिली असेल त्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवेल. टेबलावर अंथरलेलं कापड, त्यावर तांब्या, दोन वांगी, एखादा कांदा. मी तो तांब्या रंगवला, शेड दिली, पास झाले. त्या तांब्याकडे मात्र पाहिलं नव्हतं. क्लासचा मासा पाहताना ते लख्ख कळलं. हा माणूस एका कापलेल्या माशाकडे असा पाहतोय की जगात दुसरं महत्त्वाचं काही नाही.

क्लास मूळचा अँटवर्पजवळच्या बेर्खेमचा. जन्म १५९७ च्या सुमाराचा. १६२० च्या आसपास हार्लेमला आला आणि १६६० मध्ये तिथेच वारला. चाळीस वर्षं त्याने मुख्यतः हेच केलं: टेबल आणि टेबलावरचं खाणं. अशा चित्रांना डच लोक ‘ओन्तबाइत’ म्हणजे न्याहारी या शब्दावरून न्याहारीची चित्रं म्हणत. त्याचा मुलगा निकोलास बेर्खेम निसर्गचित्रांत बापापेक्षा कितीतरी जास्त नाव आणि पैसा कमावून गेला. खाण्याच्या चित्रांना तेव्हा मान नव्हता. सॅम्युएल फान होखस्ट्राटेन या चित्रकाराने १६७८ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, त्यात अशी स्थिरचित्रं काढणाऱ्यांना त्याने कलेच्या फौजेतले साधे शिपाई म्हटलं आहे. राजेरजवाडे, देवदेवता, लढाया रंगवणारे ते सरदार.

माझं म्हणणं एवढंच आहे की या शिपायाने जे केलं ते सरदारांना जमलं नाही. रोज खाऊन विसरून जायच्या गोष्टीसमोर त्याने आपल्याला उभं केलं. मासा अख्खा नाही, कापलेला आहे. कोणीतरी खायला बसलं होतं आणि उठून गेलं. माणूस चित्रात नाही, पण त्याचा हात जाणवतो.

तुम्हाला अशा चित्रांत काय दिसतं? ज्यांनी मूळ चित्रं पाहिली आहेत, ज्यांचा रंगांशी रोजचा संबंध आहे, त्यांनी जरूर लिहा.

अक्षरवेल

सुंदर लेखन. वाचनखूण साठवली आहे.

खारावारा

मी मालवणकडचा. चित्रकलेतलं फार कळत नाही, माशातलं कळतं, म्हणून त्याबद्दल लिहितो.

हेरिंग आपल्या तारली-पेडव्यांच्या नात्यातला. तसाच तेलकट, तसाच रुपेरी, आणि तसाच भराभर नासणारा. तारली सकाळी उतरली आणि दुपारपर्यंत बर्फ नाही मिळाला तर काय होतं ते आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उत्तर समुद्रात आठवडेच्या आठवडे जहाजावर राहून हा मासा धरायचा तर जागच्या जागी खारवणं आलंच.

डचांची खुबी कापण्यात होती. एका छोट्या सुरीने कल्ले आणि आतड्याचा थोडा भाग उपसून काढायचा, रक्त वाहू द्यायचं, पण यकृत आणि स्वादुपिंड आतच ठेवायचं. त्यातल्या पाचक रसांनी मासा मिठात मुरतो, मऊ होतो, त्याला चव येते. आमच्याकडे बांगडा खारवतात तो असा नाही. पोट चिरून सगळं साफ करून मीठ भरतात. म्हणून आपला खारा बांगडा कडक आणि त्यांचा हेरिंग लोण्यासारखा. ही कापण्याची रीत झीलंडमधल्या बीरफ्लीट गावच्या विलेम ब्यूकेल्सझोन नावाच्या माणसाने चौदाव्या शतकात काढली असं तिकडे परंपरेने मानतात.

मासा मिठात टिकला, म्हणून पिंपांत भरून दूरवर विकता आला. ॲमस्टरडॅम हेरिंगच्या हाडांवर उभं आहे अशी त्यांच्यात म्हणच आहे. म्हणजे रानजाईताईंच्या चित्रातला मासा साधा खरा, पण त्या ताटलीत त्या देशाची कमाई मांडलेली आहे.

रानजाई

खारावारा, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. आता फोटोत पाहिलं तर माशाचं मांस खरंच मऊ दिसतं, कापल्या जागी किंचित पाझरल्यासारखं. मी ती चकाकी पाण्याची समजत होते. ती माशाच्या तेलाची असणार.

अक्षरवेल

आता सविस्तर लिहिते. रानजाई, तुझं लिखाण आवडलं, पण एका मुद्द्यावर अडते. त्या काळातला प्रॉटेस्टंट डच माणूस मासा आणि पाव एकत्र पाहून फक्त न्याहारी पाहत असेल का? मासा हे ख्रिस्ताचं जुनं चिन्ह. पाव म्हणजे त्याचं शरीर. याच पीटर क्लासने कवटी, विझत आलेला दिवा, घड्याळ मांडून ‘हे सगळं जाणार आहे’ सांगणारी चित्रं काढली. १६२८ चं ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, १६३० चं हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये. मग अर्धवट सोडलेलं जेवण हेही क्षणभंगुरतेचंच चित्र नाही का? नुसतं ‘पाहणं’ म्हटलं की चित्रकाराच्या मनातली श्रद्धा आपण काढून टाकतो असं मला वाटतं.

रानजाई

अक्षरवेल, तू म्हणतेस ते खोडून काढायचं माझ्या मनात नाही. क्लासला बायबल माहीत होतं, चित्र विकत घेणाऱ्यालाही होतं. पण जिथे त्याला मरणाबद्दल बोलायचं होतं तिथे त्याने सरळ कवटी ठेवली. या चित्रात ठेवली नाही.

माझी आजी ताटात अन्न टाकू द्यायची नाही. भाकरीचा तुकडा पायाला लागला तर उचलून कपाळाला लावायची. ‘पूर्णब्रह्म आहे ते’ म्हणायची. आणि तीच आजी त्याच भाकरीवर लसणाची चटणी घालून चवीने खायची. तिच्यासाठी देव आणि भूक असे दोन कप्पे नव्हते. हार्लेमच्या घरातही नसावेत. तो पाव ख्रिस्ताची आठवण देत असेलही, पण तो आधी पाव आहे, सकाळी भाजलेला, आणि क्लासने त्याच्या फुटलेल्या कडेवर जेवढा वेळ घालवला तेवढा नुसत्या चिन्हासाठी कोणी घालवत नाही.

दूरदेशी

मी गेली नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये राहतो. हार्लेमच्या फ्रान्स हाल्स संग्रहालयात क्लास आणि विलेम हेडा यांची चित्रं पाहिली आहेत. दोघंही त्याच गावात काम करणारे. समोर उभं राहिल्यावर एक गोष्ट जाणवते जी फोटोत येत नाही: ही चित्रं हळू बोलतात. बाजूच्या भिंतीवरची रंगीबेरंगी चित्रं आधी डोळ्यात भरतात, आणि ही नंतर, जवळ गेल्यावर.

‘साधं जेवण’ या शब्दाबद्दल मात्र थोडं. चित्रातला पाव पांढरट, गव्हाचा दिसतो. त्या काळात गरिबाच्या घरी राय धान्याचा काळा, जड पाव असायचा. गव्हाचा महाग. आपल्याकडे रोज जोंधळ्याची भाकरी आणि सणाला गव्हाची पोळी, तसंच. कथलाची ताटली आणि काचेचा ग्लास हेही झोपडीतले नाहीत. हे मध्यम स्थितीतल्या, नीटनेटक्या घरातलं खाणं आहे. चित्र विकत घेणारेही तसेच: दुकानदार, दारू गाळणारे, कापडवाले. हार्लेम तेव्हा बिअर आणि तागाच्या कापडासाठी प्रसिद्ध होतं. बिअर ही दारू म्हणून नाही, रोजचं पेय म्हणून घरोघरी, पोराबाळांनासुद्धा पातळ बिअर द्यायचे.

एकाच रंगछटेचं कारण अंशतः व्यवहारीही होतं. स्पेनबरोबरचा बारा वर्षांचा तह १६२१ मध्ये संपला, लढाई पुन्हा पेटली, बाजार मंदावला. कमी आणि स्वस्त रंगांत, पातळ थरांत, लवकर होणारं चित्र परवडायचं. पण क्लासने त्या कमतरतेतून जे काढलं ते बघा. ती त्याची स्वतःची भाषा झाली.

भुईकमळ

दूरदेशी, मग क्लासने श्रीमंती खाणं रंगवलंच नाही का?

दूरदेशी

रंगवलं तर. राइक्सम्युझियममध्ये १६२७ चं त्याचं मोठं चित्र आहे: टर्की पक्षी पिसांसकट वर मांडलेला ‘पाय’ (मांस भरून भाजलेलं मोठं पेस्ट्रीचं भांडं), शिंपले, लिंबू, नॉटिलस शंखाचा पेला. सगळा थाटमाट. पण त्या चित्रात मी सर्वात जास्त वेळ कशासमोर उभा राहिलो सांगू? एका पुडीसमोर.

खरोखरची कागदाची पुडी. छापील कागद शंकूसारखा गुंडाळलेला आणि त्यात मिरी. तो कागद पंचांगाचा आहे, म्हणजे वर्षभराच्या तिथी-वार छापलेल्या पुस्तकातलं पान. वर्ष संपलं, पान फाडलं, मिरी बांधली. माझ्या लहानपणी वाणी जिरं-मोहरी जुन्या वहीच्या पानांत बांधून द्यायचा. पुडी सोडली की आधी मी त्या कागदावरचं वाचायचो, कोणाचं तरी अर्धं गणित, कोणाचा तरी निबंध. त्या दालनात उभा राहून मी मान वाकडी करून तो पंचांगाचा कागद वाचायला लागलो.

खारावारा

मिरी! दूरदेशी, मग ती आमच्या वेंगुर्ल्याहून गेली असणार. वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष अजून उभे आहेत, मी लहानपणापासून बघतोय.

दूरदेशी

खारावारा, इच्छा माझीही तीच होती, पण तारखा जुळत नाहीत. वेंगुर्ल्याची डच वखार १६३७ ची. टर्कीचं चित्र त्याच्या दहा वर्षं आधीचं, आणि रानजाईंचं हेरिंगचं चित्रही वर्षभर आधीचं. १६२७ च्या सुमाराला डचांकडे मिरी येत होती ती मुख्यतः इंडोनेशियातल्या सुमात्रासारख्या बेटांवरून. मलबारच्या मिरीवर त्यांचा हात पडला तो १६६३ मध्ये कोची घेतल्यानंतर. वेंगुर्ल्याला वखार घातली त्यात गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी आणि डच जहाजांना रसद हा मोठा हेतू होता.

पण हे चित्र रंगवलं जात होतं तेव्हाच याच माणसांची जहाजं आपल्या किनाऱ्यावर ये-जा करत होती, एवढं मात्र नक्की खरं.

खारावारा

कबूल. पुढच्या वेळी वखारीत गेलो की हार्लेमची ती ताटली डोळ्यांपुढे येईल.

जवसतेल

उशिरा आले, पण सगळे प्रतिसाद सलग वाचले. मी सांगलीत चित्रकला शिकवते, तैलरंगात काम करते. रंगांच्या बाजूने थोडं लिहिते.

माझ्या आयडीपासूनच सुरुवात करू. या चित्रांतलं तेल म्हणजे आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, काचेसारखा पापुद्रा धरतं. म्हणून त्यात प्रकाश आत शिरून परत येतो. माशाची ओली त्वचा, काच, बिअर या गोष्टी तैलरंगात जिवंत होतात त्याचं हे कारण.

हार्लेमचे चित्रकार ओकच्या फळीवर खडू आणि सरसाचा थर द्यायचे, त्याला हलका मातकट रंग. त्यावर तपकिरीची पातळ मांडणी. क्लासची पार्श्वभूमी बरेचदा एवढीच असते, इतकी पातळ की खालचा थर तिच्यातून श्वास घेतो. दाट रंग फक्त जिथे उजेड आदळतो तिथे. पावाच्या कडेवर, ताटलीच्या काठावर, काचेवरच्या एका ठिपक्यात. काचेच्या फुगीर भागावर नीट बघा, अनेकदा त्याच्या खोलीची खिडकी उमटलेली दिसेल, वाकलेली, चौकटीच्या दांड्यांसह. म्हणजे चित्राबाहेरची खोलीसुद्धा चित्रात आहे.

मागच्या पावसाळ्यात मी स्वतः करून पाहिलं. रॉ अंबर (मातकट तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), आयव्हरी ब्लॅक, टायटॅनियम व्हाइट, एवढेच चार रंग. समोर पितळी ताटली, त्यात भाकरी, फोडलेला कांदा, मिरचीचा ठेचा. पहिले दोन दिवस वाया गेले. भाकरीवर उजेड दाखवायला मी पांढरा लावत गेले आणि भाकरी खडूची झाली. तिसऱ्या दिवशी कळलं की भाकरीवर पांढरं काहीच नाही. पापुद्र्यावर पिठाचा करडा आहे, तव्याच्या डागांचा काळा आहे, आणि त्यांच्या मध्ये जो पिवळट उरतो तोच उजेड. कांद्याच्या पाकळीला निळसर वाटणारी झाक होती, ती निळ्या रंगाने येईना. काळ्यात पांढरा मिसळून ऊबदार तपकिरीशेजारी ठेवला आणि तो आपोआप निळा दिसू लागला. क्लासच्या माशाची चांदी अशीच असणार. चांदीचा रंग कुठे नसतो, शेजारच्या तपकिरीने ती चमकते.

ठेचा मात्र जमला नाही. चार रंगांत हिरवी मिरची बसत नाही.

भुईकमळ

जवसतेल, ‘काळ्यात पांढरा मिसळून निळा’ हे वाचून आत्ता घरी करून बघितलं. खरंच होतं. मुलीलाही दाखवलं.

बाकी, मला डच आणि साधं अन्न म्हटलं की व्हॅन गॉगचे बटाटे आठवतात. क्लासकडे बटाटा का नाही?

दूरदेशी

कारण सतराव्या शतकात इथे बटाटा रोजच्या जेवणात आलेलाच नव्हता. तो अठराव्या शतकात पसरला. व्हॅन गॉगने न्यूनेन गावी १८८५ मध्ये ‘बटाटे खाणारी माणसं’ काढलं तोवर बटाटा हेच गरिबाचं जेवण झालं होतं. त्याच वर्षी त्याने बटाट्यांनी भरलेल्या टोपल्यांची स्थिरचित्रंही काढली, जवळपास मातीच्याच रंगात. त्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचा रंग न सोललेल्या, धुळीने माखलेल्या बटाट्यासारखा हवा, असं त्याने भावाला पत्रात लिहिलं होतं. क्लास आणि व्हॅन गॉग यांच्यात अडीचशे वर्षं आहेत, पण दोघांच्या हातातला तपकिरी रंग मला सख्खा वाटतो.

अक्षरवेल

चर्चा वाचून मीही शोधलं. हेरिंगचं आणखी एक चित्र सापडलं आणि ते पाहून माझं मत थोडं हललं.

योसेफ द ब्राय, हाही हार्लेमचाच. १६५६ चं चित्र, सध्या ड्रेस्डेनच्या जुन्या चित्रांच्या संग्रहालयात. त्यात मधोमध दगडी पाटीसारखा फलक आहे आणि त्यावर चक्क एक कविता लिहिलेली, याकोब वेस्टरबान या कवीची, खारवलेल्या हेरिंगच्या स्तुतीची. पाटीभोवती हार घालावा तसे हेरिंग आणि कांदे लटकवलेले. खाली टेबलावर कापलेला मासा, पाव, बिअर.

देवाच्या तसबिरीला घालतात तसा हार एका खाऱ्या माशाला! आणि त्यात कुठेही चेष्टा वाटत नाही. मी ‘मासा म्हणजे ख्रिस्त’ हे शोधत होते. इथे मासा म्हणजे मासाच आहे आणि मान त्यालाच दिला आहे. द ब्राय १६६४ मध्ये गेला, हार्लेममध्ये प्लेग होता तेव्हा. त्याचे वडील सालोमन, तेही चित्रकार, त्याच वर्षी गेले.

रानजाई

अक्षरवेल, किती सुंदर सापडलं तुला. कांदे आणि हेरिंगचा हार! आज दिवसभर तेच पाहणार.

जवसतेल, एक विचारायचं राहिलं. क्लास आणि हेडा यांच्या चित्रांत ताटली नाहीतर सुरीची मूठ टेबलाच्या कडेच्या बाहेर आलेली दिसते. पुन्हा पुन्हा. हे कशासाठी?

जवसतेल

तांत्रिक उत्तर सोपं आहे. कडेबाहेर आलेली वस्तू चित्राच्या पृष्ठभागातून आपल्याकडे येते, तिची सावली टेबलाच्या उभ्या बाजूवर पडते आणि खोली तयार होते.

पण मला ते खरं कळलं ते भाकरीच्या चित्राच्या वेळी. मीही ताटली टेबलाच्या कडेला तीनेक बोटं बाहेर ठेवली होती. खडूने तिची जागा आखून ठेवली होती, म्हणजे रोज सकाळी सावली तशीच पडावी. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर ताटली आत सरकलेली. वाटलं मांजर आलं असेल. पुन्हा बाहेर काढून ठेवली. दुपारी चहा घेऊन परत आले, पुन्हा आत. तिसऱ्या दिवशी मी चित्र काढत असतानाच आई मागून आली. वयाची शहात्तर वर्षं, चित्राकडे तिचं लक्षही नव्हतं. जाता जाता तिने ताटली दोन बोटांनी आत ढकलली, म्हणाली, “पडेल गं,” आणि तशीच स्वयंपाकघरात गेली.